अकरा महिने, 4,300 किलोमीटर आणि मागं एक खोली

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ही कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीच्या मागं जोडून ओढायची चाकांवरची खोली, ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गेटवर येऊन उभी राहिली, तेव्हा वॉचमनकाकांनी पहिल्यांदा विचारलं, "मॅडम, चायनीजची गाडी टाकताय का?" तेव्हापासून ती कुणाला व्हॅनिटी वाटली, कुणाला रक्तदान शिबिराची गाडी. घणसोलीच्या सिग्नलला एका हवालदारांनी काच खाली करायला लावून हळूच विचारलं, "आत कोण हिरो आहे?" आत दोन गाद्या आणि कांद्याची पिशवी होती.

आधी माहिती. एका अ‍ॅक्सलची, म्हणजे दोन चाकांची, तिघं झोपतील एवढी. रिकामी 790 किलो, भरून जास्तीत जास्त 1,000 किलो. उंची अडीच मीटर. ओढते आमची जुनी डिझेल एसयूव्ही, शिडीच्या चासीची (खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा), मॅन्युअल गिअरची, वजन 1,900 किलोच्या आसपास. ओढणारी गाडी मागच्या डब्यापेक्षा चांगलीच जड हवी. छोटी गाडी डबा ओढेल हो, पण घाटात डबाच तिला ढकलत नेईल. कॅरॅव्हॅनला स्वतंत्र आरसी आणि स्वतंत्र एमएच-43 ची पाटी आहे. गाडीच्या विमा कंपनीलाही आधीच कळवून ठेवलं होतं.

गाडी चालवते मी. नवरा मागं उभा राहून दिशा देतो. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा बाबा, म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं एसटी चालवून खोपटच्या डेपोतून रिटायर झाले. या अनुभवात त्यांचा वाटा मोठा आहे, पण जिथं ते उपयोगी पडतील असं वाटलं होतं तिथं नाही.

हूक बसवून घेतला कळंबोलीत. पहिल्या गॅरेजवाल्यानं "वेल्डिंग मारून देतो, दोन तासांचं काम" म्हटलं. मी तिथूनच मागं फिरले. हूकाची पट्टी चासीला बोल्टनंच बसली पाहिजे. हलवायला, तपासायला, बदलायला तेच बरं, आणि चासीवर वाटेल तिथं वेल्डिंग मारलं की ती तिथंच कमजोर होते. दुसऱ्यानं बोल्ट लावून दिले, पाना टेकवून एकेक कसून दाखवला. 50 मिलिमीटरचा बॉल, ज्यावर कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांड्याचं तोंड, म्हणजे कपलिंग, बसतं; आणि मागच्या दिव्यांसाठी सात पिनांचा सॉकेट. इंडिकेटरची वायर मात्र त्यानं उलटी जोडली होती. पहिले दोन दिवस मी डावीकडे वळताना मागची खोली उजवीकडे वळायचं म्हणत होती.

पहिला मोठा प्रवास डिसेंबरात, भंडारदऱ्याला. वाशिंद ओलांडलं, रस्ता जरा उताराला लागला, काटा 85 वर. उजवीकडून एक लक्झरी बस सुसाट गेली. कॅरॅव्हॅन आधी डावीकडे ढकलली गेली, मग बसच्या बाजूला ओढली गेली, आणि मग तिचं तिचं सुरू झालं. स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं. डाव्या आरशात तिचा कोपरा दिसला, मग उजव्या आरशात, मग परत डाव्या, आणि दर वेळी जरा जास्त. माझा पाय ब्रेककडे गेला तेवढ्यात बाबा बोलले. आवाज चढवला नाही, हे विशेष. "ब्रेक नको. पाय काढ. चाक धर, फिरवू नको."

मी ॲक्सिलरेटर सोडला आणि नुसतं धरून बसले. सहा-सात हेलकावे आले असतील. 60 च्या खाली आल्यावर ती सरळ झाली. शहापूरपर्यंत कुणी बोललं नाही. तिथं चहा प्यायला उतरल्यावर नवरा मागचा डबा उघडून बराच वेळ बघत राहिला.

चूक डब्यातच होती. पाण्याची 60 लिटरची टाकी मागच्या टोकाला, आणि ती घरून काठोकाठ भरून आणलेली. तिच्या वर दोन घडीच्या सायकली, बर्फाची पेटी, टेबल. मागं जागा होती म्हणून सगळं मागंच. त्यामुळे पुढचा दांडा हूकावर टेकण्याऐवजी जवळजवळ तरंगतच होता. घरी आल्यावर कपलिंगखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली बाथरूमचा वजनकाटा ठेवून बघितलं. 24 किलो! कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण सहा-सात टक्के भार हूकावर हवा असं युरोपातले लोक धरतात. अमेरिकेतले तर दहा ते पंधरा टक्के सांगतात, पण तिथल्या गाड्या आणि हूक वेगळ्या ताकदीचे. आमच्या हूकावर 75 किलोची मर्यादा कोरलेली आहे, म्हणून आम्ही 60 ते 70 च्या मध्ये ठेवतो. वाटेल तेवढा भार दिला तर उलटी पंचाईत. गाडीचं ढुंगण बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

नुसता हूकावरचा भार जमवला की झालं, असंही नाही. खांद्यावर कावड घेतलेला माणूस आठवा. दोन टोकांना दोन घागरी असल्या की कावड वळायला वेळ लागतो, पण एकदा वळायला लागली की थांबवणं त्याहून अवघड. त्याच घागरी खांद्याजवळ आणल्या की तीच कावड ऐकते. जड सामान चाकांच्या वर, खाली जमिनीलगत. वरच्या कपाटात फक्त टॉवेल, बिस्किटं, पत्ते. पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरायचं. आणि आता मी 70 च्या वर जात नाही. हेलकावा कुठल्या ना कुठल्या वेगाला येतोच. सामान नीट लावलं की तो वेग वर सरकतो, इतकंच.

जानेवारीत तुर्भ्याला एका वजनकाट्यावर पूर्ण भरलेली कॅरॅव्हॅन चढवली. 1,040. म्हणजे चाळीस किलो जास्त, आणि आम्ही समजत होतो की आम्ही किती बेताचं सामान नेतो. बिडाचे दोन तवे, दहा किलो तांदूळ, बाबांची लाकडी आरामखुर्ची. तवे आणि तांदूळ उतरवले. खुर्चीवर चर्चा झाली नाही.

ब्रेकची गंमत कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहिते. आमच्या कॅरॅव्हॅनला वेगळं पेडल नाही. गाडी ब्रेक मारते, मागचा डबा पुढं ढकलला जातो, त्या धक्क्यानं कपलिंगचा दांडा आत दबतो, दांड्याच्या मागची सळई केबल ओढते आणि ड्रमचे ब्रेक लागतात. साधी, बिनविजेची युक्ती. पण घाट उतरताना तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच राहिलात तर डबा सतत ढकलत राहतो आणि त्याचे ब्रेक सतत घासत राहतात. कसारा घाट उतरताना पहिल्यांदा तो जळका वास आला तेव्हा मला वाटलं पुढच्या ट्रकचा आहे. बाबांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "आपलाच आहे." मग त्यांचं एसटीतलं सूत्र: ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनाला धरू दे, मध्येच एकदा नीट ब्रेक मार, सोड, ड्रमला हवा लागू दे. त्यानंतर वास आला नाही.

रिव्हर्समध्ये मात्र बाबांचा अनुभव शून्य. एसटीला मागं डबा नसतो. दोन रविवार उलव्याच्या एका रिकाम्या रस्त्यावर आम्ही तिघं एकमेकांवर ओरडत होतो. डावीकडे न्यायची म्हणून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कॅरॅव्हॅन उजवीकडे, आणि सावरायच्या आत गाडीच्या बंपरला काटकोनात येऊन भिडायची. तिसऱ्या रविवारी द्रोणागिरीला एका टपरीवर चहा पिताना, कंटेनर लावून बसलेला एक ड्रायव्हर आमचा तमाशा बघून उठला. बीडकडचा असावा. "ताई, गाडी रिव्हर्स करूच नका. डबा ढकला. चाक खालून धरा, सहाच्या काट्यावर. आता डबा जिकडं न्यायचा तिकडं हात न्या." एवढंच. खालून धरल्यावर हात डावीकडे नेला की डबा डावीकडे जातो, डोक्यात उलटसुलट करावं लागत नाही. जाताना म्हणाला, "तुमचं माझ्यापेक्षा अवघड आहे. माझा लांब आहे, सावकाश वळतो. तुमचा आखूड, लगेच मुरडतो." खरं आहे. म्हणून आता पाव फेरा, थांब, बघ, परत पाव फेरा. बिघडलं तर पुढं घ्यायचं आणि सरळ करून पहिल्यापासून. यात लाज कसली.

नवऱ्यानं मागून "ये, ये, ये" म्हणायचं थांबवलं हे या वर्षाचं दुसरं यश. आता तो फोनवर एसटीसारखं बोलतो: एक घंटी म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. आरशात दिसत नसेल तर थांबायचं, हा नियम त्याच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

नागावला मार्चमध्ये भिंत घासली. वाड्यांमधली गल्ली, दोन्ही बाजूंना जांभ्याची कुंपणं. गाडी व्यवस्थित वळली, पण मागच्या डब्याची चाकं गाडीच्या मार्गानं येत नाहीत, आतून कापतात. पत्र्यावर दीड हात लांब लाल ओरखडा. ज्या आजींची भिंत होती त्या बाहेर येऊन आधी भिंत बघून गेल्या, मग आमच्यासाठी पाणी घेऊन आल्या. तेव्हापासून वळणावर मी आधी सरळ पुढं जाते आणि उशिरा वळते. पोफळीच्या झावळ्या आणि लोंबत्या वायरींसाठी डॅशबोर्डवर "2.5 मी." असं लिहून चिकटवलंय.

राज्य सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं. आम्हाला मात्र अजून प्रत्येक मुक्कामी रिसॉर्टवाल्याच्या पंपाच्या खोलीतूनच वायर ओढावी लागली आहे. एसी लावला की त्यांचा एमसीबी पडतो, मग त्यांचा वायरमन बोलावला जातो. आता आम्ही एसीचा नाद सोडलाय, दोन पंखे आणि खिडक्यांना जाळ्या. उन्हाळ्यात कोकणात जाणारच नसाल तर चालेल. गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर, आणि त्याच्या कप्प्याच्या तळाला भोक आहे ते कधीही गोणपाटानं बुजवायचं नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालूनच बाहेर पडायला हवा. संडासाची पेटी रिकामी करण्याबद्दल मी लिहिणार नाही. ते काम नवऱ्याचं.

पावसाळा ही खरी परीक्षा. जूनमध्ये मी ताडपत्री घट्ट बांधून ठेवली आणि शहाणपणा केला असं समजले. जुलैच्या मध्यात उघडलं तर गाद्यांवर हिरवी बुरशी, कपाटाचं प्लाय फुगलेलं आणि छताच्या झरोक्याच्या कोपऱ्यातून ओघळ. आत कोंडलेल्या दमटपणानं बाहेरच्या पावसाइतकंच नुकसान केलं. झरोक्याचं जुनं सीलंट खरवडून नवं भरलं, ताडपत्री काढली, वर नुसती पत्र्याची शेड केली, खिडक्या बोटभर उघड्या. वायरिंगजवळ उंदराच्या लेंड्या सापडल्या. ती वायर वाचली, फ्रीजची नाही वाचली.

शेड केली म्हणजे अर्थात सोसायटीत नाही. "कमर्शियल वाहन" म्हणून दोन महिन्यांत नोटीस आली. आरसी दाखवली तरी "मग ही खोली आहे, खोलीला एफएसआय लागतो" असं एका सदस्यानं मीटिंगमध्ये म्हटलं, आणि ते त्यांनी गंमत म्हणून म्हटलं नव्हतं. आता ती गावाकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर महिना अडीच हजार भाड्यानं उभी असते. घेण्याआधी कुणी विचारलं तर मी मायलेजचं नंतर सांगते (13 वरून 9 वर आलं) आणि हे आधी: उभी कुठं करणार? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्यानं भाड्यानं घेऊन दोन-चार दिवस फिरून यावं. आणि ज्याला प्रत्येक मुक्काम वेगळ्या गावी हवा, त्यानं तर घेऊच नये. जोडणं, सोडणं, कोपऱ्यांतल्या टेकूच्या चार पायांवर उभी करणं यात आमचा अजूनही पाऊण तास जातो. तीन-चार रात्री एकाच जागी राहणाऱ्यांचं हे वाहन आहे.

निघताना आता आमचं ठरलेलं आहे. कपलिंग बॉलवर बसलं की खट् आवाज येतो, पण आवाजावर विश्वास नाही. पुढच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवून दांडा वर उचलायचा. गाडीची मागची बाजू दोन बोटं वर आली म्हणजे खरंच बसलंय. मग ते चाक वर, चारही पाय वर. एकदा एक पाय खाली राहिला होता आणि दिघ्याच्या स्पीडब्रेकरनं तो वाकवून दिला. कॅरॅव्हॅन गाडीपासून सुटली तर तिचे ब्रेक लावणारी तार जागेवर, दिवे, टायरची हवा. चाकांचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा.

हे सगळं बाबा एका लांबट वहीत लिहून ठेवतात, तारीख, किलोमीटर, हूकावरचं वजन, शेरा. काल दिवाळीच्या प्रवासासाठी सामान लावून ठोकळ्याखाली काटा ठेवला. 66 आलं. त्यांनी आकडा लिहिला, आत जाऊन आरामखुर्ची अ‍ॅक्सलवरून हातभर पुढं सरकवली आणि म्हणाले, "परत बघ."

68.

"लिही," मी म्हटलं.

"आधी डबल दे," ते म्हणाले.