लिंक्डइनचं ‘रेकमेंडेशन’: मागण्याची तयारी होते, रेफरन्सचं काम होत नाही

आमचं मत: पाचपैकी तीन तारे.

लिंक्डइनच्या प्रोफाइलवर ‘रेकमेंडेशन्स’ नावाचा एक विभाग असतो. जुन्या साहेबांनी, सहकाऱ्यानं किंवा क्लायंटनं आपल्या कामाबद्दल लिहायचं, आपण मंजूर केलं की ते प्रोफाइलवर दिसतं. हिंजवडी-खराडीत नोकरी बदलू पाहणाऱ्या कितीतरी जणांचा हा विभाग एक तर रिकामा असतो, नाहीतर ‘मेहनती, टीम प्लेअर, शिकण्याची तयारी’ अशा कुणालाही लागू पडतील अशा ओळींनी भरलेला. यात दोष सोयीचा कमी आणि मागण्याच्या पद्धतीचा जास्त.

विनंती फक्त थेट कनेक्शनमधल्या, म्हणजे लिंक्डइनवर तुमच्याशी जोडलेल्या माणसालाच पाठवता येते. माणूस निवडायचा, त्या वेळचं नातं निवडायचं (ते तुमचे थेट वरिष्ठ होते, एकाच टीममध्ये होतात वगैरे), तेव्हाचं पद निवडायचं आणि निरोप पाठवायचा. निरोपाच्या चौकटीत एक तयार वाक्य आधीच भरलेलं असतं. ते तसंच पाठवलं की समोरचा अडतो, कारण दोन वर्षांपूर्वी तुम्ही नेमकं काय केलं होतं ते त्याला आठवत नाही. मग तो मोघम लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. ते वाक्य खोडून असं काही लिहावं:

‘नमस्कार सर. सध्या टेस्ट लीडच्या जागांसाठी प्रयत्न करतोय. बिलिंग मॉड्यूल नव्या सिस्टिमवर नेताना रिग्रेशन टेस्टिंग ऑटोमेट करायचं काम माझ्याकडे होतं. त्याबद्दल आणि नवीन मुलांना मी कसं शिकवलं त्याबद्दल चार-पाच ओळी लिहाल का? जमणार नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा, सर.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नाइलाजानं लिहिलेली शिफारस वाचणाऱ्याला लगेच कळते.

आलेला मजकूर आपोआप झळकत नाही, ही या सोयीतली सगळ्यात चांगली गोष्ट. पद चुकलं असेल किंवा गोपनीयतेचा करार असताना क्लायंटचं नाव आलं असेल, तर बदल मागता येतो. स्वतः मात्र त्यात एक अक्षरही बदलता येत नाही. पुढे कधी तो मजकूर नको वाटला तर लपवता येतो. प्रत्येक शिफारशीवर तारीख दिसते. एकाच आठवड्यात चार शिफारशी दिसल्या की रिक्रूटरला त्या गोळा केलेल्या वाटतात. त्यामुळे प्रोजेक्ट संपला, आठवण ताजी आहे, तेव्हाच मागून ठेवलेलं बरं. स्किलवर एका क्लिकनं मिळणारी ‘एंडोर्समेंट’ वेगळी. तिला फारसं कुणी मोजत नाही.

आता दोन तारे का कापले ते. ऑफरच्या टप्प्यावर कंपनी किंवा तिची बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (उमेदवारानं दिलेल्या माहितीची पडताळणी) करणारी एजन्सी फॉर्म पाठवते. त्यात साधारण दोन-तीन माणसांचं नाव, पद, ऑफिसचा ईमेल, मोबाइल आणि तुम्ही एकत्र काम केलेला काळ मागतात. तिथे प्रोफाइलवरची शिफारस चालत नाही, त्यांना तुमच्याबद्दल बोलणारा माणूस, म्हणजे ‘रेफरन्स’ हवा असतो. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख रिलीव्हिंग लेटरवरून, पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीवरून कळते. जुन्या कंपनीचा एचआरही बऱ्याचदा तारखा आणि पद यापलीकडे बोलत नाही. माणूस काम कसा करतो, हे फक्त रेफरन्सच सांगू शकतो.

गाडी अडते ती अगदी साध्या ठिकाणी. अनोळखी नंबर म्हणून साहेब फोन उचलत नाहीत, मेल स्पॅममध्ये जातो, किंवा साहेबांनी कंपनी बदललेली असते आणि जुन्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत येतो. काही एजन्सी जीमेलचा पत्ता स्वीकारत नाहीत. म्हणून फॉर्म भरण्याआधी फोन करावा आणि सरळ विचारावं, ‘माझ्या कामाबद्दल मनापासून चांगलं सांगू शकाल का?’ आवाजात जरा जरी अडखळ जाणवली तरी दुसरं नाव शोधावं. होकार आला तर व्हॉट्सॲपवर कंपनीचं नाव, पद, कोणत्या कामाबद्दल बोलावं आणि फोन साधारण कधी येईल, एवढं पाठवावं. रेझ्युमेवर मात्र त्यांचा नंबर छापू नये.

सध्याच्या साहेबांना या सोयीतून विनंती पाठवणं म्हणजे राजीनाम्याआधीच आपण निघाल्याचं जाहीर करणं. फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीशी संपर्क साधावा का असं विचारलं असेल, तर राजीनामा देईपर्यंत ‘नाही’ लिहावं आणि आधीच्या कंपनीतले वरिष्ठ द्यावेत. फ्रेशर असाल तर इंटर्नशिपचे मेंटॉर किंवा प्रोजेक्ट गाइड चालतात. नातेवाईक चालत नाहीत.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत ही सोय आणखी तोकडी पडते. ज्या शॉप सुपरवायझरच्या हाताखाली काम केलं, ते लिंक्डइनवर असतीलच असं नाही. तिथे लेटरहेडवरचा अनुभवाचा दाखला आणि साहेबांचा चालू नंबर, हेच कामाला येतं.

फक्त रेकमेंडेशन मागायचं असेल तर प्रीमियमचे पैसे भरू नका. साध्या, फुकटच्या खात्यावरही हे सगळं होतं.