बेळगाव–बेंगलोर: विमान की रात्रीची स्लीपर बस? (पीण्या औद्योगिक वसाहतीत कामं असणाऱ्यांसाठी)

माझं छोटं मशीन शॉप बेळगावच्या उद्यमबागेत, आणि गिऱ्हाईक बेंगलोरच्या पीण्यात. त्यामुळे या मार्गावर मी दोन्ही वाटांनी जातो.

आधी विमान. सांबऱ्याहून (बेळगावचं विमानतळ) बेंगलोर सरळ रेषेत साधारण 450 किलोमीटर, हवेत सव्वा तास. 2017 पासूनची नवी टर्मिनल इमारत आटोपशीर आहे, गर्दीत जीव जात नाही. मला मिळालं ते एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान. दोन-दोन सीट, मधे अडकून बसायला नको, हे मला आवडलं.

पण सव्वा तास हा फक्त तिकिटावरचा. उद्यमबाग गावाच्या एका टोकाला, सांबरा दुसऱ्या. गांधीनगर, निलजी, मुतगा करत पाऊण तास धराच. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे त्याच्याही आधी पोचायचं. उतरलात की देवनहळ्ळी, बेंगलोरचं विमानतळ तिथंच! तिथून पीण्या आणखी 35-40 किलोमीटर, आणि मधे हेब्बाळ. हेब्बाळच्या फ्लायओव्हरखाली टॅक्सी उभी असताना मी गिऱ्हाइकाला तीनदा 'आलोच ओ' म्हणून फोन केलाय. घरातून निघून गेटवर पोचेपर्यंत पाच तास सहज गेले. शिवाय कास्टिंगचं सॅम्पल जड. चेक-इनला 15 किलोच्या वर गेलं की वेगळे पैसे. हातातल्या बॅगेत लोखंड दिसलं की सिक्युरिटीवाला ती उघडायला लावतोच. व्हर्नियर (मापाचं हत्यार) तर चेक-इनच्याच बॅगेत टाका.

आता स्लीपर. रस्त्यानं 500 किलोमीटरच्या आसपास, आठ-नऊ तास. रात्री नऊ-दहाला बसलं की कित्तूरपर्यंत मोबाईल, पुढं झोप. धारवाड–हुबळी बायपासला मात्र जाग येते. तो कित्येक वर्षं दोनपदरी होता, अपघातांसाठी कुप्रसिद्ध. सहापदरीचं काम सुरू झाल्यापासून डायव्हर्जनचे हिसके. पुढं हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग सपाट चालतं. जेवणासाठी गाडी कुठं थांबेल ते ड्रायव्हरच्या मर्जीवर, म्हणून मी भाकरी-पिठलं घरूनच नेतो.

सगळ्यात मोठा फायदा असा की, गाडी तुमकूर रोडनंच शहरात शिरते, म्हणजे पीण्या वाटेतच! आठव्या मैलाला नाहीतर जालहळ्ळी क्रॉसला उतरायचं, समोर मेट्रो. मॅजेस्टिकच्या मुख्य बसस्थानकापर्यंत जाऊन परत यायचं नाही. सॅम्पल डिकीत, वजन कोण विचारतंय?

तक्रार आहेच. एका खाजगी गाडीत एसी असा लावला होता की पहाटे शिरा गावाजवळ दात वाजत होते, आणि ब्लँकेटला आधीच्या माणसाच्या तेलाचा वास. घरची चादर न्या.

दर तर विचारूच नका. महिनाभर आधी विमान काढलं तर परवडतं, आदल्या दिवशी काढलं तर जॉबवर्कचा नफा तिकिटातच जातो. गिऱ्हाइकाचा फोन येतो तो नेहमी आदल्या दिवशीच.

माझे गुण (पाचपैकी): पीण्या, नेलमंगला, यशवंतपूरकडं जाणार असाल तर स्लीपरला चार, विमानाला अडीच. येलहंका किंवा देवनहळ्ळीकडं काम असेल, नाहीतर सोबत म्हातारं माणूस असेल, तर उलट करा. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळं वरचा बर्थ चढता येत नाही, त्यांना मी विमानानंच पाठवतो. ऑगस्ट 2025 पासून वंदे भारतही आहे, पण ती दिवसा धावते आणि माझा दिवस खाते.