कथा कुठे वाचायला द्यावी: ॲपवर, व्हॉट्सॲपच्या गटात की जुन्या मराठी संस्थळावर?

नोकरी आणि संसार सांभाळून कथा लिहिणाऱ्या माणसाला प्रकाशकाच्या आधी वाचक हवा असतो, आणि त्यातही असा वाचक, जो कथा शेवटपर्यंत वाचेल आणि आपण कुठे रमलो, कुठे अडखळलो हे मोकळेपणाने सांगेल. घरची माणसे आपुलकीने वाचतात, परंतु त्यांच्या अभिप्रायात नात्याची भीड असते. जवळपास एखादे साहित्य मंडळ असेल तर उत्तमच. नसेल, तर आज मराठीत प्रामुख्याने तीन वाटा आहेत: कथावाचनाची ॲप, व्हॉट्सॲपवरचे लेखकांचे गट, आणि मायबोली, मिसळपाव यांच्यासारखी जुनी संस्थळे, म्हणजे सदस्य जेथे लिहितात आणि एकमेकांच्या लेखनावर चर्चा करतात अशी संकेतस्थळे. या तिन्ही प्रकारच्या ठिकाणी मी कथा दिल्या आहेत आणि तिन्हींकडून मला काही ना काही मिळाले आहे. निवड करू पाहणाऱ्याला उपयोगी पडावे म्हणून तो अनुभव येथे मांडतो.

केवळ वाचकसंख्या पाहायची असेल तर ॲपशी बाकी दोघांची तुलनाच होऊ शकत नाही. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेले प्रतिलिपी असो, मुंबईचे स्टोरीमिरर असो किंवा अहमदाबादचे मातृभारती असो, या मंडळींनी अनेक भारतीय भाषांबरोबर मराठीलाही जागा दिली आणि वाचनालयाची पायरी कधी न चढलेल्या कितीतरी लोकांना कथा वाचण्याची गोडी लावली, हे मनापासून मान्य केले पाहिजे. येथे नवख्या लेखकालाही वाचक लवकर भेटतात, आणि अनोळखी माणसाने आपली कथा वाचली हा पहिला आनंद फार मोठा असतो. ज्यांना प्रेमकथा, रहस्यकथा किंवा कौटुंबिक कादंबरी भागाभागाने लिहायची आहे, त्यांच्यासाठी ही जागा अगदी योग्य आहे, आणि अशा मालिका लिहिणाऱ्या काहींना त्यातून थोडेफार मानधनही मिळते.

माझी अडचण झाली ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. ज्या ॲपवर मी कथा देत होतो त्याचे नाव येथे घेत नाही, कारण हा प्रश्न एखाद्या कंपनीपेक्षा वाचनाच्या सवयीचा अधिक आहे, असे मला वाटते. मी तेथे दोन भावांच्या सामाईक विहिरीवरची एक लघुकथा दिली होती. पाण्याच्या पाळीवरून दोघांचे बोलणे बंद झालेले असते, मध्ये आई असते, आणि शेवटी थोरला काही न बोलता आपली पाळी धाकट्याला सोडून देतो, एवढाच तिचा जीव. शेवटच्या ओळीखाली मी ‘समाप्त’ असे ठळक लिहिले होते. त्याच्या लगेच खाली प्रतिक्रिया येऊ लागल्या: ‘खूप छान, पुढचा भाग कधी?’, ‘सुंदर लिखाण, पुढील भागाच्या प्रतीक्षेत’. काहींनी त्यालाच जोडून ‘माझीही कथा वाचून अभिप्राय द्यावा’ अशी विनंती केली होती. एखाददुसरी अशी प्रतिक्रिया आली असती तर मी ती सोडून दिली असती. परंतु पुढच्या कथेलाही तेच झाले, आणि त्यापुढच्या कथेलाही तेच.

या गोष्टीचा मला एवढा त्रास का झाला, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. लघुकथेचे सगळे बळ ती कुठे थांबते यात असते. थोरल्याने पाळी सोडणे हा शेवट पुरेसा वाटतो का, की तो वाचकाच्या हातात अर्धवटच पडतो, हेच तर मला जाणून घ्यायचे होते. ‘पुढचा भाग कधी?’ या प्रश्नातून दोन्हींपैकी काहीच कळत नाही. शेवट फसला म्हणून तो विचारला गेला, की प्रत्येक कथेला भाग असतातच या सवयीने, हे ठरवायला लेखकापाशी काही साधन उरत नाही. आपलीही कथा वाचावी या अपेक्षेने दिलेली दाद तर आपल्या कथेविषयी काहीच सांगत नाही, आणि दाद देणाऱ्याचीही त्यात फसगत होते, कारण त्यालाही बदल्यात तसेच कोरडे ‘छान’ मिळते. पुढे पुढे तर लिहिता लिहिताच, प्रसंग कुठे तोडला तर पुढचा भाग वाचला जाईल, असा विचार मनात डोकावू लागला, आणि ही जागा आपल्यासाठी नाही हे मला तेव्हाच कळून चुकले. मालिका लिहिणाऱ्याला हाच विचार उपकारक ठरेल. मी लघुकथा लिहितो.

व्हॉट्सॲपच्या गटाविषयी थोडक्यात सांगतो. दहाबारा जाणत्या माणसांचा गट जमला, तर त्याच्यासारखे सुख नाही. कथा चार भिंतींच्या आत राहते आणि बोलणे स्पष्ट होते. पण असा गट शोधून सापडत नाही, तो ओळखीतून जमावा लागतो. २०२२ मध्ये गटाची सदस्यमर्यादा १,०२४ पर्यंत वाढली, परंतु कथावाचनाच्या दृष्टीने गट जितका मोठा, तितका तो निरुपयोगी होतो, असे माझे निरीक्षण आहे. दुपारी टाकलेली कथा संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या चित्रांखाली जाते, तिच्यावरचे बोलणे चार ठिकाणी विखुरते, आणि उशिरा आलेल्या सदस्याला त्यातले काहीच दिसत नाही. शिवाय कथा एकदा पुढे ढकलली गेली की लेखकाचे नाव गळायला वेळ लागत नाही. कॉपीराइटसाठी नोंदणीची सक्ती नाही, १९५७ च्या कायद्याने लेखनावर लेखकाचा हक्क आपोआपच असतो, हे खरे. पण फॉरवर्डच्या मागे धावणे कोणाला शक्य आहे?

राहिली संस्थळे. मायबोली १९९६ पासून चालू आहे, आणि परदेशातल्या मराठी माणसांचा तिच्यात सुरुवातीपासून मोठा वाटा असल्यामुळे रात्री टाकलेल्या कथेवर अमेरिकेतले प्रतिसाद सकाळी उठल्यावर वाचायला मिळतात. तेथे ललित लेखनासाठी ‘गुलमोहर’ हा विभाग आहे. २००७ साली सुरू झालेल्या मिसळपाववर कथा ‘जनातलं, मनातलं’ या विभागात येते. ‘ऐसी अक्षरे’ या संस्थळावर प्रतिसादांनाही मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक अशा श्रेणी देता येतात, त्यामुळे विचार करून लिहिलेला प्रतिसाद गर्दीत हरवत नाही. ‘पुभाप्र’ (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) आणि ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा) येथेही भरपूर असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. फरक असा की त्यांच्या शेजारी दुसरेही काही असते.

विहिरीची तीच कथा मी काही काळाने अशा एका संस्थळावर दिली. बरेच प्रतिसाद नेहमीसारखेच होते, पण एका सदस्याने सविस्तर लिहिले. शेतीची वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, तर कधी रात्री येते. मग या दोन भावांमध्ये रात्रीची पाळी कोणाच्या वाट्याला येते, हे कथेत का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन, सापाकिरड्याची भीती बाळगत बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणारा धाकटा असेल, तर त्याचा राग वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही, असे त्यांनी लिहिले होते. त्याखाली दुसऱ्या एका वाचकाने लिहिले की असे असेल, तर थोरल्याने नुसती पाळी सोडण्यापेक्षा धाकट्याची रात्रीची पाळी स्वतःकडे घ्यायला हवी. मग या दोघांतच त्यावर चर्चा झाली, तिसऱ्याने दोघांनाही विरोध केला, आणि मी बराच वेळ केवळ वाचत राहिलो. माझ्या कथेतल्या माणसांविषयी अनोळखी लोक इतक्या आस्थेने भांडत आहेत, हे पाहून मला जे वाटले ते कोणत्याही वाचकसंख्येने वाटले नव्हते. कथा मी पुन्हा लिहिली. आता तिच्यात थोरला मध्यरात्री उठून पंपाचा स्टार्टर दाबायला जातो.

हे सर्वांच्याच वाट्याला येईल असे मी म्हणणार नाही. संस्थळांवर वाचक तुलनेने कमी आहेत, त्यांतले बरेच रोमात (‘रीड ओन्ली मोड’मध्ये) राहणारे, म्हणजे नुसते वाचून जाणारे आहेत, आणि एखादी कथा चार प्रतिसादांवर मागे पडते तेव्हा मन खट्टू होते. कंपूबाजीची तक्रार जुनी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. काही प्रतिसाद बोचरे असतात. टीका सहन होण्याइतका आत्मविश्वास अजून आला नसेल, तर पहिल्या एकदोन कथा ॲपवर देऊन थोडा हुरूप मिळवणे हा गैर मार्ग नव्हे. परंतु संस्थळावर नवा प्रतिसाद आला की जुना धागा, म्हणजे कथा आणि तिच्याखालची चर्चा, यादीत पुन्हा वर येतो आणि महिन्यांनंतरही कोणीतरी कथा वाचून काही लिहून जाते, ही सोय मला मोलाची वाटते.

एका बाबतीत मात्र माझा कल बाजूला ठेवावा लागेल. दिवाळी अंक आणि कथास्पर्धा बहुधा अप्रकाशित कथा मागतात, आणि संस्थळावर किंवा ॲपवर सर्वांना दिसेल अशी टाकलेली कथा अनेक संपादक प्रकाशित समजतात. जी कथा अंकाकडे पाठवायची आहे ती छोट्या बंद गटातच वाचायला द्यावी, किंवा एखाददोन विश्वासू वाचकांना ईमेलने पाठवावी. असे वाचक कुठे मिळतात, असे विचाराल तर मला ते संस्थळावरच मिळाले. विहिरीच्या कथेवर लिहिणारे ते सदस्य आता माझा प्रत्येक कच्चा खर्डा आधी वाचतात.

संस्थळ निवडायचे ठरवलेत, तर नाव नोंदवल्या दिवशीच कथा टाकण्याची घाई करू नये, एवढे सुचवतो. काही आठवडे इतरांच्या कथा वाचाव्यात आणि त्यांवर दोन ओळींपेक्षा जास्त लिहावे, कारण तेथली माणसे नव्या सदस्याला त्याच्या प्रतिसादांवरून ओळखतात. गणेशोत्सवात किंवा एरवी शतशब्दकथेचा उपक्रम निघाला, तर त्यात भाग घ्यावा. शंभर शब्द वाचायला सर्वांनाच वेळ असतो. मोठी कथा त्यानंतर द्यावी, एकाच भागात, आणि शेवटाविषयी काही शंका असेल तर पहिल्या प्रतिसादात ती स्वतःच विचारावी.