वेब डेव्हलपमेंट शिकायचंय: सीडॅक, खासगी फुल स्टॅक क्लास की घरबसल्या मोफत?

माहितीपत्रकं सगळीकडची सारखीच असतात: एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, जावा किंवा पायथन, डेटाबेस आणि शेवटी 'लाइव्ह प्रोजेक्ट'. (फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटचा दिसणारा भाग आणि मागचा सर्व्हर-डेटाबेस, दोन्ही.) ही यादी बघून क्लास निवडू नका. तुम्ही स्वतःच्या हाताने किती तास कोड लिहिणार आणि तो कोण तपासणार, या दोन प्रश्नांवर सगळा फरक पडतो. खालची तुलना त्याच अंगाने केली आहे.

प्रवेश

खासगी क्लासला अट नसते, फी भरली की जागा पक्की. मोफत मार्गाला तर तीही नाही. सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या पीजी-डॅक या पदव्युत्तर डिप्लोमासाठी मात्र इंजिनिअरिंगची पदवी किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी लागते आणि ५० टक्के गुणांची अट असते. तीन वर्षांच्या बीसीए, बीसीएसवाल्यांनी परीक्षेचे पैसे भरण्याआधी पात्रतेची यादी शब्दन् शब्द वाचावी.

त्यानंतर सी-कॅट, म्हणजे सीडॅकची प्रवेश परीक्षा. पीजी-डॅकला 'अ' आणि 'ब' हे दोन विभाग द्यावे लागतात. 'अ'मध्ये इंग्रजी, गणित, तर्क आणि 'ब'मध्ये सी प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग वगैरे. प्रत्येक विभागात ५० प्रश्न, वेळ एक तास. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं तर १ वजा. चार पर्यायांत डोळे झाकून ठोकलं तर सरासरी शून्यच पडते. एखादा पर्याय खात्रीने बाद करता येत असेल तरच अंदाज लावण्यात फायदा. केंद्र मिळतं ते रँक आणि पसंतीक्रमावर, त्यामुळे पसंतीक्रम भरताना घाई नको.

तास आणि पैसे

पीजी-डॅक साधारण ९०० तासांचा, सहा महिन्यांत उरकणारा कोर्स आहे. आठवड्याचे जवळपास सगळे दिवस सकाळी लेक्चर आणि दुपारी लॅब (केंद्रानुसार उलटही), म्हणजे नोकरी सांभाळून जमत नाही. अलीकडच्या बॅचची फी ९० हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०६,२०० रुपये. तासाला साधारण ११८ रुपये पडतात. बाहेरगावच्यांनी राहणं-खाणं वेगळं धरावं. पुण्यात सहा महिन्यांचा हा खर्च फीच्या जवळ जाऊ शकतो.

खासगी क्लासचं गणितही असंच मांडून बघा. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस, २४ आठवडे: झाले २४० तास. फी ६० हजार सांगितली असेल तर तासाला २५० रुपये. त्या दोन तासांत शिक्षक पडद्यावर टाइप करत असतील आणि मुलं उतरवून घेत असतील, तर तुमचा स्वतःचा सराव जवळपास शून्य. म्हणून फीच्या आधी विचारा: लॅबचे तास वेगळे आहेत का, तिथे कोण बसतं, आणि एका शिक्षकामागे किती मुलं?

कुठे काय बिघडतं

पीजी-डॅकमध्ये बिघडतं ते वेगामुळे. जावा, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, वेब प्रोग्रॅमिंग, डॉटनेट हे विषय एकामागून एक येतात आणि मागचा संपतो न संपतो तोच त्याची परीक्षा होते. ज्यांना लूप आणि फंक्शन अजून विचार करून लिहावे लागतात, ते पहिल्याच महिन्यात मागे पडतात आणि पुढे भरून काढायला वेळच मिळत नाही. जाण्याआधी कागदावर न बघता लिंक्ड लिस्टमध्ये (एकमेकांना जोडलेल्या घटकांच्या यादीत) नोड, म्हणजे घटक, घालणं आणि काढणं, फाइलमधून ओळी वाचून शब्द मोजणं एवढं तरी लिहिता यायला हवं. बदल्यात मिळतं ते मोठं आहे: दिवसभराची शिस्त, सोबतीला तयारीची मुलं आणि सगळ्या केंद्रांसाठी मिळून होणारे कॅम्पस इंटरव्ह्यू.

खासगी क्लासमध्ये बिघडतं ते प्रोजेक्टमध्ये. एकच हॉस्पिटल मॅनेजमेंट किंवा ई-कॉमर्स प्रोजेक्ट नाव बदलून बॅचमागून बॅच फिरत राहतो. हे ओळखायला जुन्या विद्यार्थ्याचं गिटहब खातं मागा (गिटहब म्हणजे कोड आणि त्यातले बदल ठेवण्याची वेबसाइट). अनेक आठवड्यांवर पसरलेले छोटे छोटे कमिट (बदलांच्या नोंदी) दिसले तर प्रोजेक्ट हाताने केलेला असण्याची शक्यता चांगली. अख्खा प्रोजेक्ट एकाच कमिटमध्ये चढवलेला असेल तर तो कुठून तरी आलेला असू शकतो. अशा वेळी त्या विद्यार्थ्याला एखादी फाइल समजावून सांगायला सांगा.

दुसरी तपासणी त्याहून नेमकी आहे. त्या प्रोजेक्टच्या नोंदणी फॉर्ममध्ये इंग्रजीत 'डि'सोझा' हे आडनाव लिहा, मधल्या एकेरी अवतरणचिन्हासकट. वसईत किंवा गोव्यात हे रोजचं आडनाव आहे, तेव्हा फॉर्मला ते झेपायलाच हवं. पडद्यावर एसक्यूएलची (डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेची) एरर आली, तर वापरणाऱ्याने भरलेला मजकूर थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमाच्या, ओळीत चिकटवलेला आहे. ते चिन्ह दिसताच डेटाबेसला वाटतं की नाव तिथेच संपलं, आणि उरलेली अक्षरं तो हुकूम म्हणून वाचायला जातो. याच भोकातून एसक्यूएल इंजेक्शन होतं, म्हणजे परका माणूस फॉर्ममधून डेटाबेसला स्वतःचे हुकूम देतो. उपाय आहे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आधी ठरवून भरलेला मजकूर वेगळा पाठवणं), आणि तो डेटाबेसच्या पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवा. जमल्यास युजर टेबलही उघडून बघा: पासवर्ड जसाच्या तसा वाचता येत असेल, तर तिथे हॅशिंग (पासवर्ड उलटवता न येणाऱ्या रूपात साठवणं) शिकवलेलं नाही. या दोन गोष्टी जिथे शिकवल्या जात नाहीत, तिथे मी कोणालाही पैसे भरू देणार नाही.

डेमो लेक्चरला बसलात तर एरर आल्यावर शिक्षक काय करतात याकडे लक्ष ठेवा. एररचा मजकूर मोठ्याने वाचणारे, ब्राउझरमध्ये कन्सोल आणि नेटवर्क टॅब (चुका आणि सर्व्हरशी चाललेली देवाणघेवाण दाखवणारे भाग) उघडून दाखवणारे शिक्षक चांगले. गुपचूप तयार फाइल उघडणाऱ्यांकडून डिबगिंग, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करणं, शिकता येत नाही, आणि नोकरीत निम्मं काम तेच असतं.

मोफत मार्ग

इथे साहित्याची कमतरता नाही. पाया पक्का करायला हार्वर्डचा सीएस५०: सुरुवात सीपासून, मग पायथन, एसक्यूएल आणि शेवटाकडे वेब. प्रश्नसंच कठीण आहेत आणि कोड आपोआप तपासला जातो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. वेबसाठी ओडिन प्रोजेक्ट: गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) आणि कमांड लाइन (माउसऐवजी टाइप करून संगणकाला हुकूम देणं) सुरुवातीलाच येतात, विंडोज असेल तर लिनक्सची सोय करून घ्यावी लागते. फ्रीकोडकॅम्प सोपा, ब्राउझरमध्येच चालतो, पण त्याच्या छोट्या पायऱ्यांमुळे सगळं आल्यासारखं वाटतं. त्यातले प्रोजेक्ट न बघता केले तरच उपयोग. इंग्रजी अडत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून धडे आहेत. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुन्या दिसतील, पण पायासाठी चालतात. कागदी प्रमाणपत्र हवं असेल तर एनपीटीईएल (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स): शिकणं मोफत, केंद्रावरच्या परीक्षेची फी वेगळी, गुणांत २५ टक्के असाइनमेंट आणि ७५ टक्के परीक्षा.

अडचण अशी की अडलं की विचारायला कोणी नसतं. नमुन्याची अडचण सांगते: लॅपटॉपवर नीट दिसणारं पान गिटहब पेजेसवर (गिटहबच्या वेबसाइट ठेवण्याच्या सोयीवर) चढवलं की फोटो गायब. कारण फाइलच्या नावातलं 'जेपीजी' मोठ्या लिपीत आणि कोडमध्ये लहान लिपीत लिहिलेलं असतं. विंडोज दोन्ही एकच मानतं, तिथला सर्व्हर मानत नाही. माहितगाराला हे दोन मिनिटांत दिसतं, एकट्याची अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून दोघा-तिघांचा गट करा, एकमेकांचा कोड पुल रिक्वेस्टमधून (गिटहबवर बदल तपासायला पाठवण्याच्या सोयीतून) वाचा आणि तीन महिने दुसरा कोर्स उघडू नका. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. मोबाइलवर हे शिकता येणार नाही.

दहावीनंतर लगेच शिकायचं असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड आहे. फी अगदी कमी आणि सरकारी प्रमाणपत्र मिळतं. वेबची तोंडओळख होते, डेव्हलपर होण्याइतकं मात्र नाही.

कुणी काय निवडावं

इंजिनिअरिंग झालंय, सहा महिने मोकळे आहेत, सी येतं: सी-कॅट द्या. नोकरी करताय किंवा पात्रतेत बसत नाही: आठ आठवडे मोफत मार्गाने जा, एक पान स्वतः उभं करून चढवा, आणि मगच ठरवा की क्लासची गरज शिकवण्यासाठी आहे की धाकासाठी. धाकच हवा असेल तर त्यासाठी ६० हजार फार झाले.

क्लासच ठरला तर 'बिनव्याजी हप्ते' म्हणताच कागद वाचा. बहुतेक वेळा ते फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लासने तुम्हाला दिलेला शब्द त्या करारात नसतो, त्यामुळे क्लास सोडला किंवा बंद पडला तरी हप्ते चालू राहतात आणि चुकवले तर सिबिल स्कोअर पडतो. सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागून घ्या, कूलिंग-ऑफचे (कर्ज रद्द करता येण्याचे) दिवस किती ते बघा, फी परत मिळण्याची अट क्लासकडून लेखी घ्या, आणि ओटीपी कोणालाही न सांगता स्वतः टाका.