अक्कलकोट रोड एमआयडीसीतील फायबर टाकी दुरुस्ती : एका कारखानदाराचा सविस्तर अभिप्राय

सोलापुरात फायबरच्या, म्हणजे काचेचे तंतू रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात) बसवून केलेल्या, टाक्या दुरुस्त करून देणारे पुष्कळ आहेत. चीर दिसली की तिच्यावर मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर आणि रेझिन लावायचे, वरून रंग मारायचा आणि संध्याकाळपर्यंत टाकी चालू करून द्यायची, अशीच बहुतेकांची पद्धत आहे. ज्या वर्कशॉपविषयी हा अभिप्राय आहे तेथे मात्र चीर बुजवण्याआधी ती कशामुळे पडली याचा शोध घेतला जातो, आणि माझ्या मते दुरुस्तीच्या पैशातला अर्धा मोबदला या शोधाचाच असतो. वर्कशॉपला मोठी पाटी नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फायबरवाले मिस्त्री कुठे बसतात असे विचारले की लोक शेडपर्यंत आणून सोडतात.

माझा सूत रंगवण्याचा लहान कारखाना आहे. रिॲक्टिव्ह रंगांना सोडा ॲश लागतो, त्यामुळे रंगणीचे सांडपाणी अल्कलीयुक्त निघते आणि ते उदासीन करण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडची एक फायबर टाकी आम्ही वापरतो. या टाकीच्या खालच्या नोझलपाशी (पाइप जोडायच्या तोंडापाशी) आडवी चीर गेली होती. आधी दुसऱ्या एका कारागिराकडून तिच्यावर बाहेरून पट्टी मारून घेतली होती, पण काही महिन्यांतच पट्टीच्या कडेने पुन्हा ॲसिड झिरपू लागले. मिस्त्रींनी टाकी रिकामी करून, धुऊन घेतली, आत टॉर्च मारून पाहिले, मग जुनी पट्टी ग्राइंडरने उडवली आणि चिरेचा एक लहान तुकडा कापून माझ्या हातात दिला. “साहेब, ही चीर वजनाने नाही फुटलेली, ॲसिडने कापलेली आहे,” असे ते म्हणाले, आणि ते कशावरून, हेही त्यांनी तुकड्यावर दाखवले.

टॉवेल हाताने फाडला तर दशा लोंबतात आणि कात्रीने कापला तर काठ साफ येतो. फायबरच्या तुटीतही हाच फरक दिसतो. जास्त भाराने फुटलेल्या लॅमिनेटमध्ये, म्हणजे फायबरच्या थरांच्या भिंतीत, काचेचे तंतू रेझिनमधून ओढले जाऊन ब्रशसारखे बाहेर येतात आणि आजूबाजूचा भाग पांढरा पडतो. तंतू रेझिनपासून सुटताना आणि घासत बाहेर येताना बरीच ऊर्जा खर्च होते, आणि काच व रेझिन हे दोन्ही ठिसूळ पदार्थ एकत्र आल्यावर चिवट होतात ते याच कारणाने. माझ्या तुकड्याची कड मात्र आरशासारखी सपाट होती. तंतू आणि रेझिन एकाच पातळीत तुटले होते. नेहमीच्या ई-ग्लासला (फायबरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचेला) ताण असताना सौम्य ॲसिड लागले की ॲसिडमधील हायड्रोजन आयन काचेतील कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम बाहेर काढतात, तंतूचा पृष्ठभाग आकसतो, त्यावर सूक्ष्म भेगा पडतात आणि तंतू त्याच्या मूळ ताकदीच्या अगदी थोड्या भारालाही तुटतो. एक तंतू तुटला की चिरेचे टोक पुढे सरकते, ॲसिड त्याच्या मागोमाग पुढच्या तंतूपर्यंत पोहोचते, आणि ही वाटचाल बाहेरून काहीही न दिसता महिनोन्महिने चालू राहते. काचेची ताकद तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक दोषांवर ठरते, आणि तंतू जितका बारीक तितका तो मजबूत निघतो, हे ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये मांडले होते. त्याच पृष्ठभागावर ॲसिड घाला घालते म्हणून हा बिघाड इतका घातक ठरतो.

मुळात ॲसिड तंतूंपर्यंत पोहोचू नये यासाठीच चांगल्या टाकीच्या आतल्या बाजूला रेझिनचे प्रमाण खूप जास्त असलेला, पातळ व्हेलचा (तंतूंच्या तलम पडद्याचा) थर आणि त्यामागे मॅटचे दोन थर देतात. हा सगळा मिळून सुमारे अडीच-तीन मिलिमीटरचा अडसर भार उचलण्यासाठी धरलेलाच नसतो, त्याचे काम फक्त रसायन अडवण्याचे. माझ्या टाकीत हा अडसर नोझलभोवती तडकला होता. त्याचे कारण मिस्त्रींना टाकीत सापडले नाही, ते टाकीबाहेर सापडले. नोझलला जोडलेला व्हॉल्व्ह आणि पाइप कशाच्याही आधाराशिवाय लोंबत होता, पलीकडे पंपाची थरथर होती, आणि काळ्या मातीवर बांधलेला चौथरा पावसाळा-उन्हाळ्यात फुगून-आकसून एका बाजूला कलल्यामुळे टाकीचा सपाट तळ पूर्ण टेकतच नव्हता. आधीच्या पट्टीने यातले एकही कारण दूर केले नव्हते, शिवाय ती बाहेरून मारलेली असल्यामुळे आतून येणाऱ्या ॲसिडची वाट तशीच उघडी राहिली होती.

फायबरचा बिघाड लोखंडासारखा एका ठळक चिरेने सुरू होत नाही, हे टाकी वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. काच रेझिनपेक्षा सुमारे वीसपट ताठ असते, त्यामुळे भाराला आडव्या पडलेल्या तंतूंभोवतीच्या रेझिनमध्ये ताण साचतो आणि लॅमिनेट फक्त ०.३ टक्क्यांच्या आसपास ताणले गेले तरी तिथे तंतू-रेझिनची पकड सुटू लागते. संपूर्ण लॅमिनेट तुटायला याच्या कितीतरी पट ताण लागतो, म्हणून टाकी उभी असते, गळत नसते, पण आत केसासारख्या भेगा वाढत असतात. हेच जाणून रसायनांच्या टाक्यांची रचना करताना लॅमिनेटचे ताणले जाणे साधारण ०.२ टक्क्यांच्या आत ठेवण्याची रीत पडली आहे. पंपाच्या थरथरीसारखा भार पुन्हापुन्हा येत राहिला की या भेगा थराच्या सीमेपर्यंत जातात, तिथून थरांच्या मधोमध पसरतात आणि एक थर दुसऱ्यापासून सुटतो. थर सुटल्याची खूण म्हणजे नाण्याने ठोकल्यावर येणारा बोदा आवाज. मिस्त्रींनी नोझलभोवती असे ठोकत ठोकत खडूने सुटलेल्या भागाची हद्द आखली, आणि ती दिसणाऱ्या चिरेपेक्षा खूपच मोठी निघाली.

दुरुस्तीची पद्धत मला पूर्ण पटली. खडूच्या हद्दीपर्यंतचा सगळा खराब भाग कापून काढला, कडा तिरक्या घासल्या आणि उतार जाडीच्या बारा पट ठेवला, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीला सुमारे शंभर मिलिमीटर उतार. उतार आखूड ठेवला तर नवा-जुना सांधा कडेला एकदम भार घेतो आणि तिथूनच उकलतो. ॲसिडची ओल पूर्ण निघून जाईपर्यंत त्यांनी काम पुढे नेले नाही. नवे थर व्हिनिल एस्टर रेझिनमध्ये आणि ॲसिडला टिकणाऱ्या बोरॉनविरहित ई-सीआर काचेच्या मॅटमध्ये घातले, प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढले, आणि आतून व्हेलचा थर देऊन शेवटच्या हातात मेणमिश्रित रेझिन लावले, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे उघडा पृष्ठभाग चिकट राहून अर्धवट पक्का होतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात या कामाची खरी परीक्षा होते. एप्रिल-मे महिन्यांत शेडमध्ये रेझिन इतक्या लवकर घट्ट होते की पुष्कळ कारागीर वेळ मिळावा म्हणून कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारे रसायन) एक टक्क्याच्याही खाली आणतात, आणि मग थर वरून कडक पण आतून कच्चा राहतो. असा कच्चा थर रसायन शोषतो, मऊ पडतो आणि तंतूंना आधार देत नाही. या वर्कशॉपमध्ये उन्हाळ्यातले लॅमिनेशन पहाटेच उरकतात आणि रेझिन लहान लहान डब्यांत कालवतात. कॅटॅलिस्टचे माप वजनकाट्यावर घेतले जाते. थर पक्का झाल्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवून चिकटपणा पाहिला आणि बारकोल मापकाने कठीणपणा मोजून मला आकडे दाखवले. रेझिन बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याच्या किमान नव्वद टक्के कठीणपणा यायला हवा, आणि तो आला होता.

गच्चीवरची पिण्याच्या पाण्याची टाकीही मी त्यांना दाखवली. सोलापुरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे साठवणीची टाकी गळणे म्हणजे घराची मोठीच अडचण. उन्हाने वरचा जेलकोट (रेझिनचा बाहेरचा संरक्षक थर) झिजून तंतू उघडे पडले होते आणि एका जागी ताऱ्यासारख्या भेगा होत्या. अशा भेगा बहुधा आतून किंवा बाहेरून बसलेल्या ठोक्याच्या असतात. त्यांनी ठोकून पाहिले, आवाज सगळीकडे खणखणीत आला, आणि फक्त घासून नवा जेलकोट देण्याचे काम सुचवले. मोठे काम सांगून जास्त पैसे घेण्याची संधी असताना त्यांनी ती घेतली नाही, याची मी मुद्दाम नोंद करतो.

उणिवाही आहेत. काम सांगितलेल्या दिवशी पूर्ण झाले नाही. ओल वाळण्यासाठी वेळ लागतो हे खरे, पण ते आधी सांगायला हवे होते, कारण तेवढे दिवस मला ॲसिडची वेगळी व्यवस्था करावी लागली. कोणती काच, कोणते रेझिन, किती थर घातले याचा लेखी तपशील मागूनही साध्या बिलावर दोन ओळींतच मिळाला. बाहेरची बाजू ओबडधोबड राहिली आहे, जरी त्याने टाकीच्या कामात फरक पडत नाही. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे ग्राइंडिंग करणारी मुले तोंडाला केवळ रुमाल बांधून काम करत होती. काचेची धूळ आणि रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ यांच्यासाठी योग्य मास्क मालकाने द्यायलाच हवेत, आणि मी हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात ते द्रावण) आणि कॅटॅलिस्ट मात्र दूरदूरच्या फडताळांत ठेवलेले दिसले. हे दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, त्यामुळे ही काळजी पाहून बरे वाटले.

खर्च नव्या टाकीच्या साधारण एक तृतीयांश आला, आधीच्या पट्टीच्या मानाने बराच जास्त. त्यात पाइपला स्वतंत्र लोखंडी आधार, नोझल आणि पंपाच्या मध्ये रबरी लवचीक जोड आणि चौथऱ्याची पातळी सुधारून टाकीखाली सलग गादी, ही कामेही धरलेली आहेत. यातले चौथऱ्याचे काम त्यांनी गवंड्याकडून करून घेतले आणि ते होईपर्यंत टाकी जागेवर बसवायला नकार दिला. ज्यांना टाकी दाखवायची असेल त्यांनी ती धुऊन न्यावी, आत कोणते रसायन किती तीव्रतेचे आणि किती तापमानाला असते हे लिहून न्यावे, आणि मूळ टाकीचे रेझिन कोणते होते याचा कागद असेल तर तोही सोबत ठेवावा, कारण मिस्त्रींचा पहिला प्रश्न तोच असतो.