पान क्रमांक ४३

गेल्या रविवारी इथं थायलंडमध्ये व्हॉट्सॲपवर पुन्हा तो फोटो फिरत आला. 'थाई पत्नी असलेल्यांसाठी एक वर्षाचं एक्स्टेन्शन. बँक बॅलन्स नको. शंभर टक्के गॅरंटी.' एक्स्टेन्शन म्हणजे मुक्कामाची मुदतवाढ. खाली पासपोर्टच्या पानावरच्या शिक्क्याचा फोटो. नंबर नवा, नाव नवं, फोटो मात्र तोच. मी तो ओळखतो, कारण मागच्या जूनमध्ये हाच फोटो मला 'तुमचं काम झालं दादा' म्हणून आला होता आणि त्यावर मी १२,००० बाट दिले होते.

नाहीतर हे लिहिलं नसतं. लाज वाटते. मी नऊ वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी ऑडिट केलं. कागदावरचा नंबर आणि मालावरचा नंबर जुळतो का, हे बघायचा मला पगार मिळत होता.

फेब्रुवारी २०२५मध्ये आमचा विभाग बंद झाला. नॉन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना माहीत असेल, नोकरी संपली की मुक्कामाची परवानगीही त्याच दिवशी संपते. १,९०० बाट भरून सात दिवस मिळतात, तेवढ्यात गाशा गुंडाळायचा. मी सांगलीला गेलो, तिथून ई-व्हिसावर लग्नाच्या आधाराचा नॉन-ओ व्हिसा काढला आणि १२ मार्चला परत उतरलो. शिक्का ९ जूनपर्यंतचा. तेवढ्यात एक्स्टेन्शन झालं की वर्षभर चिंता नाही, शिवाय लग्नाच्या एक्स्टेन्शनवर वर्क परमिट काढता येतं, म्हणजे नवी नोकरी धरायला मोकळा.

अडचण कुठली ते सांगायला नको. ४,००,००० बाट, थाई बँकेत, एकट्याच्या नावावर, अर्जाआधी दोन महिने पडून. नाहीतर महिन्याला ४०,००० उत्पन्न, आणि मी तर बेकार. (थाई नवऱ्याशी लग्न केलेल्या आपल्या मुलींना ही रकमेची अट नाही. कोणी तुमच्याकडे 'बॅलन्स'चे पैसे मागितले तर तिथूनच उठा.) माझ्या खात्यात २,३५,००० होते. कमी पडत होते १,६५,०००.

ते पैसे घरात होते, हे आता लिहिताना हात जड होतो. लग्नात सिन्सोत म्हणून मी सासूबाईंना १,५०,००० दिले होते. सिन्सोत म्हणजे मुलीच्या घरी द्यायची रक्कम, आपल्या हुंड्याच्या बरोबर उलटी. सासूबाईंनी त्यातला एक बाटही खर्च केला नव्हता. बायको म्हणाली, आई ते पैसे देते, वरचे पंधरा हजार मी घालते, मार्चअखेर खात्यात टाकू, जूनपर्यंत दोन महिने होतात. सरळ हिशोब. मी म्हणालो, दिलेलं परत घेणारा जावई मी नाही. आमच्या घरी ते शोभत नाही. आमचं घर सांगलीत, मी बँकॉकच्या वेशीवर, आणि इथं कोण बघणार होतं देव जाणे.

तर हा एजंट. नाव लिहीत नाही, नावं तो बदलतच असतो. मराठी बोलणारा. एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर ऑफिस, दारातच गणपती. बँकॉकमध्ये गणपती बघून हुरळून जाऊ नका. इथले थाई लोकही त्याला फ्रा फिकनेत म्हणून पुजतात, दुकानादुकानात असतो. पण मी हुरळलो. त्याने पहिल्या भेटीत विचारलं, "जेवलात का दादा?" नऊ वर्षांत इथं मला कोणी मराठीत हे विचारलं नव्हतं.

त्याचं म्हणणं असं: कमी पडणारी रक्कम 'आमची पार्टी' दोन दिवस तुमच्या खात्यात ठेवते, बँकेचं पत्र घेते, काढून घेते. दोन महिन्यांची अट आतला माणूस बघून घेतो. एकूण २७,०००, पैकी १५,००० आधी. बायकोला आणायची गरज नाही, फोटो नकोत, घराचा नकाशा नको. १८ मेला १५,००० दिले, २० तारखेला पासपोर्ट हातात दिला.

पासपोर्ट हातात दिला. दूधवाल्याला पातेलं द्यावं तसा.

तुम्ही म्हणाल, कळत नव्हतं का? कळत होतं. लग्नाच्या एक्स्टेन्शनला बायको सोबत लागते, तिचं ओळखपत्र, घरनोंदणीचं निळं पुस्तक, कोर रोर २ची, म्हणजे विवाहनोंदणीची, ताजी नक्कल, साक्षीदार, घराचा नंबर दिसेल असा दोघांचा दारातला फोटो, आणि आतमधले फोटोही. एका मित्राला तर पलंगावर बसून फोटो काढावा लागला होता, आम्ही त्यावर हसलो होतो. आणि एका फेरीत वर्ष मिळत नाही, आधी ३० दिवसांचा 'विचाराधीन' शिक्का, मग दुसरी फेरी. हे सगळं मला पाठ होतं. पण एजंटकडून करून घेतलेले दहा जण मी इथं ओळखतो, मजेत राहतात, पगारदार आहेत, आपल्यापेक्षा शिकलेले आहेत. मीच काय एकटा धर्मराज लागून गेलो?

३ जूनला फोटो आला. शिक्का, त्यावर ९ जून २०२६ ही तारीख. मी दोन बोटांनी मोठा करून फक्त तारीख बघितली. बायकोला पाठवला. आईला पाठवला, आईने फोन देवासमोर ठेवून नमस्कार केला म्हणे. आणि १२,००० पाठवून दिले. बायकोने एवढंच विचारलं, "मला का नाही बोलावलं?" मी म्हणालो, तुमच्याच देशात ओळखीने काय होत नाही ते मला सांगू नकोस. असं बोललो मी तिला.

फोटोच्या वरच्या कोपऱ्यात पानाचा नंबर होता. ४३.

माझा पासपोर्ट ३६ पानांचा आहे. आपले पासपोर्ट ३६ पानी असतात नाहीतर ६० पानी. मी साधा घेतला होता, कारण मी काय एवढा फिरणार, पैसे कशाला घालवा. माझ्या पासपोर्टला पान ४३ नाहीच. फोटो फोनमध्ये रोज होता. मी तो तीन मित्रांना दाखवला. 'विचाराधीन'चा शिक्का कुठे दिसत नाही हे लक्षात आलं नाही, माझ्या खात्यात 'पार्टी'चा एक बाटही कधी आला नाही हे लक्षात आलं नाही, ते सोडा. पण कोपऱ्यातला छापील आकडा? कारखान्यात एखाद्या पोराने असा लॉट पास केला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर झापला असता.

एक्स्टेन्शनच्या शिक्क्यावर आपलं नाव नसतं, हे ध्यानात ठेवा. कुणाच्याही पानाचा फोटो कुणालाही चालतो.

पासपोर्ट मागितला तर म्हणाला, री-एंट्री, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची परवानगी, पण काढूनच घ्या एकदम. अनेक वेळांच्या री-एंट्रीची सरकारी फी ३,८०० आहे, एका वेळेची १,०००. याने मागितले ४,०००. वर फक्त दोनशे! मला वाटलं, किती प्रामाणिक माणूस. ११ जूनला दिले. त्या दिवशी मी आधीच ओव्हरस्टेमध्ये, म्हणजे मुदत संपल्यावरच्या मुक्कामात, दोन दिवस जुना होतो.

मग २४ जूनला फोन. आवाज बदललेला. 'फाइल ऑडिटमध्ये अडकली, साहेबांच्या टेबलावर तुमचा पासपोर्ट आहे, आजच्या आज भारतातल्या खात्यावर ४८,५०० रुपये टाका.' माझ्याकडे तेव्हा यूपीआय चालू नव्हतं. धाकट्या भावाने टाकले. त्याने विचारलंही नाही कशाला. तीन तासांनी एजंटचा फोन बंद, पाच दिवसांनी सातव्या मजल्यावर कुलूप. गणपती मात्र काचेतून दिसत होता.

आता सरकारी माणसं. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, ऑफिस दुसऱ्या हद्दीत. दुसऱ्यात दीड तास बसवलं आणि तिथल्या अधिकाऱ्याने बायकोला थाईत शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमचा नवरा बँकेत खोटी रक्कम दाखवायला पैसे देत होता?" तिने खाली बघितलं. दैनंदिन नोंदवहीत चार ओळी लिहून मिळाल्या, तपास वगैरे काही नाही. नव्या पासपोर्टसाठी तिसऱ्या एका खिडकीवर गेलो. अर्जात दोनच रकाने, हरवला किंवा खराब झाला. मी म्हटलं, हरवलेला नाही, एका माणसाने दाबून ठेवलाय. खिडकीतला म्हणाला, हरवल्याची पोलीस नोंद आणा. पोलिसांकडे गेलो तर म्हणाले, तुम्हीच परवा सांगितलंत की माणसाकडे आहे, आता हरवला कसा लिहू? परत खिडकी. टोकन संपलेलं, उद्या या. इमिग्रेशनच्या एका कार्यालयात विचारायचं धाडस झालं नाही, कारण ओव्हरस्टेमध्ये स्वतःहून न जाता पकडला गेलो तर ओव्हरस्टे वर्षाच्या आतला असला तरी पाच वर्षं थायलंडमध्ये पाऊल टाकायची बंदी. त्या दिवसांत दुधाची पिशवी आणायलाही बायकोच जात होती. नाक्यावरचा होमगार्ड दिसला तरी पोटात गोळा.

तिकडे भाऊ गावच्या ठाण्यात गेला. पहिलं वाक्य, "गुन्हा परदेशात घडलाय." खातं भारतातलं, पैसे भारतातून गेले, पाठवणारा समोर उभा, आणि गुन्हा परदेशात! १ जुलै २०२४पासून नव्या फौजदारी संहितेत हद्द न बघता झिरो एफआयआर घ्यायचा असतो, हे भावाने मोबाइलवर दाखवलं. हवालदार म्हणाला, ते मोबाइलमध्ये असतं. दोन फेऱ्यांनंतर १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावा म्हणाले. तो आम्ही पहिल्या तासात लावायचा होता, नऊ दिवसांनी नाही. खात्यात तोवर किती उरले होते? १११ रुपये. तक्रारीचा नंबर आहे. नंबर सगळ्यांकडे आहे.

थायलंडमधून ऑनलाइन पैसे गेले असतील तर १४४१ या इथल्या हेल्पलाइनला लगेच लावा, खातं गोठवण्याचं काम तिथून होतं. आम्ही लावला तेव्हा बातमी शिळी झाली होती.

पासपोर्ट कोणी मिळवून दिला? बायकोने. एजंटकडे काम करणाऱ्या थाई मुलीचा नंबर तिने कुठून तरी काढला आणि तिच्याशी वीस मिनिटं अत्यंत गोड आवाजात बोलली. काय बोलली ते मला सांगितलेलं नाही. १६ जुलैला एक बाइकवाला खाकी पाकीट घेऊन आला. भाडं ८७ बाट, तेही मीच दिलं. आत पासपोर्ट, नवा शिक्का एकही नाही. शेवटचा शिक्का तोच, ९ जूनपर्यंतचा.

दुसऱ्या दिवशी सुवर्णभूमी विमानतळावर स्वतःहून उभा राहिलो. ३८ दिवस, रोजचे ५००, एकूण १९,०००. (कमाल २०,००० असते.) ९० दिवसांच्या वर गेलो असतो तर स्वतःहून गेल्यावरही एक वर्षाची बंदी लागली असती. काउंटरवर पावती मिळाली. सगळ्या प्रकरणात मला मिळालेली ती पहिली पावती, आणि ती दंडाची.

हिशोब: ३१,००० बाट, ४८,५०० रुपये, दंड १९,०००, तिकिटं वेगळी.

सांगलीत महिनाभर बसून पुन्हा नॉन-ओ काढला, २८ ऑगस्टला आलो. सासूबाईंनी सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बँकेत येऊन १,६५,००० माझ्या खात्यात भरले, दहा मिनिटांत, आणि नंतर मला नूडल्स खायला घातले. नोव्हेंबरमध्ये बायकोसोबत रांगेत बसलो. टीएम ७ म्हणजे एक्स्टेन्शनचा अर्ज, फोटो, नकाशा, परदेशी माणूस घरात राहतो अशी घरमालकाची टीएम ३० नोंद, सगळं. फी १,९००, पावतीसकट. कोणी १,९००ची पावती देत नसेल तर पैसे सरकारात गेलेले नाहीत, एवढं धरून चाला. तीस दिवसांचा 'विचाराधीन' शिक्का पान १९वर बसला तेव्हा मी तो वेड्यासारखा बोटाने चाचपला. डिसेंबरमध्ये वर्ष मिळालं.

अजून दोन-तीन गोष्टी. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचं रिपोर्टिंग फुकट असतं, येतानाचं डिजिटल अरायव्हल कार्डही फुकट. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. पन्नाशी ओलांडलेल्यांना एजंट रिटायरमेंटच्या एक्स्टेन्शनकडे ढकलतात. तिथं ८,००,००० लागतात आणि नोकरी करता येत नाही, आधी बायकोशी बोला. भाषांतराला, फॉर्म भरायला माणूस लावा, खुशाल लावा, पण पासपोर्ट खिशात. तुमच्या गैरहजेरीत तुमचं एक्स्टेन्शन होत असेल तर ते तुमचं नाही.

भावाचे ४८,५०० दिवाळीत परत केले. त्याने मोजून घेतले. आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. तिच्या फोनमध्ये तो फोटो आहे, आणि कोणी पाहुणा आला की ती दाखवते.