बिघडलेल्या मराठी मजकुरासाठी ‘एफटीएफवाय’ : एक परीक्षण

डेटाबेसमधून आलेल्या मराठी नावांच्या जागी संकेतस्थळावर मात्रा दिलेला रोमन ‘ए’ आणि येनचे चिन्ह यांच्या रांगा दिसू लागल्या, तरी बहुतेक वेळा मजकूर नष्ट झालेला नसतो. मराठीसह सर्व लिप्या साठवणाऱ्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीचे बाइट, रोमन लिपीसाठीच्या विंडोज-१२५२ या जुन्या संकेतपद्धतीचे समजून वाचले गेलेले असतात. हा घोळ उलटा फिरवणारी ‘एफटीएफवाय’ ही रॉबिन स्पीअर यांची पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) मराठीसाठी विशेष मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण हलन्तात, म्हणजे जोडाक्षरे घडवणाऱ्या पाय मोडण्याच्या चिन्हात आहे. हलन्ताच्या तीन बाइटांपैकी शेवटच्या बाइटला विंडोज-१२५२ मध्ये कोणतेही चिन्ह नेमलेले नाही, त्यामुळे पायथॉनच्या मूळ कोडेकने (बाइट आणि अक्षरे यांचे परस्पर रूपांतर करणाऱ्या घटकाने) मजकूर परत फिरवू पाहिल्यास पहिल्याच जोडाक्षरावर त्रुटी येऊन काम थांबते. ‘ए’, ‘झ’ आणि ऱ्हस्व उकार यांचीही तीच गत होते. एफटीएफवायचा ‘स्लॉपी’ कोडेक असे बाइट जसेच्या तसे पुढे नेतो आणि जोडाक्षरे शाबूत परत येतात. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचा ‘लॅटिन-१’ हा अक्षरसंचही त्या बाइटांना असेच वागवतो, म्हणून तेथून निघालेला मजकूर या लायब्ररीला चांगला मानवतो.

सर्व दुरुस्त्या एकदम करणारे या लायब्ररीचे ‘फिक्स_टेक्स्ट’ हे फंक्शन मात्र जपून वापरावे. ते छपाईतील वळणदार अवतरणचिन्हेही सरळ करून टाकते, जे साहित्याच्या संग्रहात मुळीच नको असते. तेथे फक्त बाइटांचा घोळ सुधारणारे ‘फिक्स_एन्कोडिंग’ पुरेसे आहे, आणि कोणती पावले उचलली गेली हे ‘फिक्स_अँड_एक्स्प्लेन’ दाखवते, ही सोय मला सर्वाधिक आवडली.

जेथे अक्षरांची प्रश्नचिन्हे होऊन साठवली गेली, तेथे कोणतीच लायब्ररी उपयोगाची नाही. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवणाऱ्या जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांतील मजकुरालाही निराळे रूपांतरक लागतात.

लॅटिन-१ चा संपूर्ण कॉलम एकसारखाच बिघडला असेल, तर तो आधी ब्लॉब (नुसते बाइट साठवणारा प्रकार) आणि मग ‘यूटीएफ८एमबी४’ (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८) करणे अधिक सरळ आहे. काही नोंदी शुद्ध आणि काही बिघडलेल्या असतील, तर त्या मार्गाने शुद्ध नोंदींचे नुकसान होते. एफटीएफवायची खरी जागा तेथे आहे. त्याआधी डेटाबेसशी जोडणाऱ्या कनेक्शनचा अक्षरसंचही ‘यूटीएफ८एमबी४’ करून घ्यावे, अन्यथा नव्या नोंदी पुन्हा बिघडत राहतील. मायएसक्यूएलमध्ये नुसते ‘यूटीएफ८’ लिहिल्यास प्रत्येक अक्षराला तीन बाइटांचीच मर्यादा पडते. त्यात देवनागरी मावते, पण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी लिपी मावत नाही.